आखाजीआधीच्या दंगली

'महाराष्ट्र केसरी'ची यादी वाचताना लोक पैलवानांची नावं वाचतात आणि पान उलटतात. खान्देशातल्या माणसानं शेजारचा, स्पर्धेच्या ठिकाणांचा रकानाही वाचावा. 1961 साली औरंगाबादला दिनकर दह्यारींनी पहिला किताब घेतला. दुसऱ्याच वर्षी, 1962 ला, स्पर्धा धुळ्याला भरली आणि भगवान मोरे महाराष्ट्र केसरी झाले. 1966 ला ती जळगावला आली, तिथं दिनानाथ सिंह जिंकले. 1977 ला पाळी चाळीसगावची. त्या वर्षाच्या ओळीत पैलवानाच्या नावाच्या जागी एकच शब्द आहे: अनिर्णित. पंधरा वर्षांत तीनदा हा फड आपल्या मुलखात आला, आणि तिसऱ्यांदा तर कुणालाच किताब न देता उठला. चाळीसगाव तालुक्यातल्या पोराचं नाव या यादीत लागायला पुढं 37 वर्षं गेली. लागलं तेव्हा मात्र सलग तीनदा लागलं.

सायगाव बगळीच्या विजय चौधरीबद्दल खान्देशात भरपूर लिहून झालंय. त्याच्या मिरवणुकांचे फोटो अजून चहाच्या टपऱ्यांवर दिसतात. मला लिहायचंय ते त्याच्या मागं असलेल्या, कुठल्याही यादीत न येणाऱ्या कुस्तीबद्दल. यात्रेच्या पत्रकावर 'कुस्त्यांची भव्य दंगल' एवढाच जिचा उल्लेख असतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी येते न येते, आणि जिच्यावाचून खान्देशातला कुठलाही पोरगा मोठ्या फडापर्यंत पोचत नाही, ती ही कुस्ती.

कोल्हापूरकर कुस्तीवर बोलायला लागले की शाहू महाराजांपासून सुरुवात करतात, आणि त्यांना तो हक्क आहे. राजानं तालमी पोसल्या, देशभरातले मल्ल आणवले, 1912 मध्ये खासबाग मैदान बांधून दिलं. सांगली-मिरजेला पटवर्धन होते. खान्देशच्या नशिबी तसा राजा आला नाही. 1818 ला पेशवाई बुडाली आणि हा प्रांत थेट कंपनी सरकारच्या हाती गेला. कॅप्टन ब्रिग्जनं नवं धुळं आखलं, रस्ते सरळ काढले, पेठा वसवल्या. आउट्रमनं 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी केली. कलेक्टर कचेरी आली, तुरुंग आला, पुढं कापसाच्या गिरण्या आल्या. तालमीला खुराक देणारा दरबार मात्र आला नाही. त्यामुळं खान्देशातली कुस्ती राजाश्रयावर वाढलीच नाही. ती वाढली वर्गणीवर.

ही वर्गणी कधी निघते हे समजलं की दंगलीचं सगळं गणित उलगडतं. कापसाची शेवटची वेचणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकते. गहू-हरभरा मार्चमध्ये घरात येतो. मग पावसापर्यंत रानं मोकळी, हातात थोडाफार पैसा, आणि माणसांना उसंत. चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. मधल्या काळात खंडोबा, भवानी, म्हसोबा यांच्या गावोगावच्या जत्रा आणि पीरबाबांचे उरूस. या सगळ्याच्या मध्यावर अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, सालदाराचं साल संपतं आणि नवं ठरतं. शेतीचं वर्ष इथं आखाजीला उलटतं. होळीपासून आखाजीपर्यंतचा दीडेक महिना हा दंगलींचा हंगाम. आखाजीनंतरही फड लागतात, पण त्यात तो जोर नसतो; शेतकऱ्याचं लक्ष तोवर बियाण्याच्या पिशव्यांकडं आणि आभाळाकडं गेलेलं असतं.

दंगल दुपारी चारच्या आधी सुरू होत नाही. धुळे-जळगावच्या उन्हाळ्यात पारा 42-43 वर असताना त्याआधी मातीत पाय ठेवणंही अवघड. जागा बहुतेक नदीच्या पात्रातली, नाहीतर गावाबाहेरचं नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून भुसभुशीत केलेलं वावर. आपली काळी कापसाची जमीन आखाड्याच्या कामाची नाही. वाळली की भेगाळते, ओली झाली की अंगाला चिकटते. गावातल्या कायमच्या तालमीत म्हणूनच तांबडी माती बाहेरून ट्रॉलीनं आणतात. ती चाळून, खडे वेचून, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू आणि कापूर घालतात आणि फावड्यानं खालीवर करत राहतात. हळद जखम चिघळू देत नाही, तेल-ताकानं माती मऊ राहते आणि कापराचा वास डोक्यात बसतो. वर्षानुवर्षं कसलेल्या मातीची मूठ आवळली तर लाडू होतो, आणि बोट लावलं की तो फुटतो. रोज पहाटे ती उकरायची. हे काम पोरांचंच, आणि तालमीतला पहिला व्यायाम तोच.

जत्रेतल्या फडाला मात्र एवढे लाड कुठले. तिथं माणसांचं कडं हीच हद्द. पुढच्या रांगेत पोरंसोरं बसलेली, मागं फेटेवाले, त्यांच्या मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, बैलगाड्यांच्या जोखडांवर, बाभळीच्या फांद्यांवर बघे. माइकवर एक माणूस असतो. त्याचा आवाज पहिल्या तासातच बसलेला असतो, तरी तो थांबत नाही. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी. सहा-सात वर्षांची पोरं लंगोट लावून उतरतात, जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, हरणाऱ्यालाही अर्धी मूठ. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या. सूर्य कलेल तशी रक्कम चढत जाते. शेवटच्या नेमलेल्या जोडीचं इनाम पत्रकावर आधीच छापलेलं असतं, देणाऱ्याच्या नावासकट. देणारा बहुधा सरपंच, बाजार समितीचा संचालक, नाहीतर पुण्या-मुंबईला धंद्यात बसलेला गावचाच कुणी भूमिपुत्र.

मधल्या कुस्त्या नेमलेल्या नसतात आणि खरी गंमत तिथंच आहे. पैलवान हात वर करून फडात गोल फिरतो. त्याचा अर्थ, आहे का कुणी माझ्या जोडीचा? कड्यातून दुसरा उठतो. मग पंच म्हणून बसवलेली दोन-चार म्हातारी माणसं त्या दोघांना शेजारी उभं करतात. तराजू नाही, वजनकाटा नाही. मान बघतात, मनगट बघतात, पोटऱ्या बघतात, आणि सगळ्यात आधी कान. मातीत घासून, दाबून, रक्त साकळून सुजलेला आणि तसाच घट्ट झालेला कान म्हणजे पोरगा किती वर्षं तालमीत आहे याचा दाखला. तो खोटा छापून आणता येत नाही. कानावरून आणि मानेवरून जोड पसंत पडली की हातात हात देतात. नाही पडली तर पोरगा पुन्हा फिरतो. आपल्याहून थोराडाशी भिडायला निघालेल्या पोराला म्हातारे हटकतात, 'भाऊ, हाऊ तुन्हा जोडना नई,' आणि पोरगा ऐकतो. या निवडीत चूक क्वचितच होते. मी तरी मोठ्या स्पर्धांमध्ये काटा लावून जुळवलेल्या याहून विजोड जोड्या पाहिल्यात.

हलगी कडाडली की सलामी. पहिलं मिनिट नुसती खडाखडी, मानेवर हात, मनगटाला मनगट. जत्रेतला प्रेक्षक हे फार सहन करत नाही. 'पट काढ, पट!' असा गिल्ला होतो. एकेरी पट निघाला की खालचा पोरगा पोटावर झोपतो, वरचा घिस्सा घालायला बघतो. नाहीतर मोळी बांधतो, भारंदाज टाकतो. उभ्यानं लागणारी ढाक किंवा कलाजंग दिसली की कडं उसळतं, पुढची रांग फडात घुसते आणि माइकवाला शिव्या घालत तिला मागं रेटतो. इथं गुण नाहीत. दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट, नाही लागले तर काहीच नाही. जिंकलेला पोरगा फेटा पसरून कड्याभोवती फिरतो आणि लोक त्यात नोटा टाकतात. छापलेलं इनाम आणि फेट्यातले पैसे यांत पुष्कळदा फेटाच जड होतो. हरलेल्यानं चांगली लढत दिली असेल तर त्यालाही फिरायला लावतात. हरल्यावर फिरणं कुणाला आवडत नाही. पण त्या पैशावर त्याचा आठवड्याचा खुराक निघतो, म्हणून तो फिरतो.

या फडात नुसते गावचे नसतात. आग्रा रोडनं मालेगावचे येतात, मनमाड-नांदगाव बाजूचे येतात, तापीच्या वरच्या अंगानं बऱ्हाणपूरचे येतात. सातपुडा ओलांडला की इंदूरचा कुस्तीचा मोठा मुलूख सुरू होतो. खान्देश हा कोल्हापूर आणि इंदूर या दोन कुस्तीच्या राजधान्यांच्या मधला मुलूख आहे. त्यामुळं इथल्या आखाड्यात 'वस्ताद' आणि 'उस्ताद' दोन्ही हाका ऐकू येतात. यात्रेला उरुसातले पैलवान, उरुसाला यात्रेतले. चाळीसगावला पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसात सगळ्या जातीधर्मांचा जो राबता असतो, तोच कुस्तीच्या कड्याभोवती दिसतो. धुळ्याला आणि मालेगावला गेल्या काही दशकांत दंगल या शब्दाचा दुसरा अर्थ लोकांना पुरेसा भोगावा लागला. खान्देशात तरी त्याचा पहिला अर्थ अजून कुस्तीच आहे.

*

असा हंगामी, गावोगाव फिरणारा, वर्गणीवर चालणारा आणि वरच्या पायरीला माणसं पुरवणारा खेळ जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या बड्या संघांखाली लहान गावांच्या संघांच्या उतरंडी असतात, त्यांना मायनर लीग म्हणतात. नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम हे तंबाखूचं गाव. 1902 मध्ये तिथं निघालेल्या संघाचं नावच 'डरहॅम टोबॅकोनिस्ट्स' होतं. पुढं तो 'डरहॅम बुल्स' झाला आणि 1988 च्या 'बुल डरहॅम' या सिनेमामुळं जगभर माहीत झाला. तंबाखूवर जगणाऱ्या गावानं आपल्या संघाला पिकाचं नाव द्यावं हे कापसावर जगणाऱ्या धुळेकराला विचित्र वाटायला नको. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गाव मैदानावर जमतं, विशीतली पोरं खेळतात, आणि त्यांतलं एखादं पोर वरच्या संघात बोलावणं येऊन निघून जातं. गाव दुसऱ्या पोरासाठी टाळ्या वाजवू लागतं. 1920 च्या दशकात सेंट लुईसच्या ब्रँच रिकी नावाच्या व्यवस्थापकानं या गावसंघांना पद्धतशीर साखळीत बांधलं. त्या पद्धतीचं तिकडचं नाव शेतीवरूनच पडलं: पोरं गावात पेरायची, पीक शहरानं न्यायचं.

आपल्याकडंही पीक शहरच नेतं. फरक साखळीचा आहे. तिकडं डरहॅमच्या पोराचा पगार वरचा संघ देतो, त्याचा प्रशिक्षक वरचा संघ नेमतो, त्याचा दुखावलेला खांदा वरच्या संघाचा डॉक्टर बघतो. इकडं पोरगा दंगलीत चमकला की वस्ताद त्याच्या बापाला म्हणतो, 'याला पुण्याला टाका.' बस्स, एवढीच साखळी. पुण्याला टाकायचं म्हणजे तालमीत राहायची सोय लागेल, पण खुराक घरचा. रोजचं दोन-तीन लिटर दूध, बदामाची थंडाई, तूप, फळं, अंडी-मटण. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या घरात एका पोराच्या पोटात एवढं घालायचं म्हणजे बाकीच्यांच्या ताटातून काढायचं. मोठा भाऊ रोजंदारीला जातो, धाकटा पुण्यात जोर मारतो, अशी घरं खान्देशात पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा पोरगा तीन-चार वर्षांनी गुडघा घेऊन परत येतो आणि पोलीस भरतीच्या मैदानावर पळायला लागतो. त्याला हरलेला म्हणायला मी तयार नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के जागा मिळू लागल्यापासून कुस्ती हा गरीब घरातल्या पोरासाठी नोकरीचाही एक रस्ता आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

अमेरिकेतली साखळी सगळी गोड आहे असंही नाही. 2021 मध्ये बड्या संघांच्या संघटनेनं एका फटक्यात आपल्या पंखाखालचे गावसंघ 160 वरून 120 वर आणले. चाळीस गावांचा आधार गेला. तिथं निदान यादी निघाली, आरडाओरडा झाला, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. आपल्याकडं दंगल बंद होते तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही. नदीतली वाळू उपसून नेली, पात्रात खड्डे उरले, फड लावायला जागा राहिली नाही. यात्रा कमिटीत नवी पोरं आली, त्यांनी वर्गणीतला मोठा वाटा डीजे आणि ऑर्केस्ट्रावर लावला. दोन वर्षं पत्रकावर 'कुस्त्या' छापलं, तिसऱ्या वर्षी ती ओळ गेली. एवढ्या सहज.

*

आता त्या यादीतल्या माणसाकडं वळू. विजय चौधरी सायगाव बगळीचा, तालुका चाळीसगाव. कुस्तीचं वेड घरातलंच. पुढं पुण्यात हिंदकेसरी रोहित पटेल यांच्या हाताखाली तो घडला. 2014 ची महाराष्ट्र केसरी अहमदनगरला झाली. अंतिम लढतीत त्यानं सचिन येलभारला हरवलं आणि जळगाव जिल्ह्याच्या नावावर गदा लागली. पुढच्या स्पर्धेत, नागपूरला, मुंबईचा विक्रांत जाधव. त्याच्या पुढच्या वर्षी, 2016 मध्ये पुण्याच्या वारज्यात, समोर अभिजित कटके: पुण्याचा, वयानं लहान, घरच्या प्रेक्षकांसमोर. विजयनं तीही जिंकली. दादू चौगुले, लक्ष्मण वडार, चंद्रहार पाटील यांनी दोनदा सलग किताब घेतला होता. सलग तीनदा घेणारा त्याच्याआधी एकच, नरसिंग यादव, 2011 ते 2013. म्हणजे लागोपाठ सहा वर्षं ही गदा दोनच खांद्यांवर होती आणि त्यांतला एक खांदा चाळीसगाव तालुक्यातला होता. कटकेला किताबासाठी फार थांबावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी भूगावला तो महाराष्ट्र केसरी झाला.

ही गदा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद 1953 मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं निघाली. त्यांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंब ऐंशीच्या दशकापासून विजेत्याला चांदीची गदा देत आलं आहे. स्पर्धेला प्रत्येक जिल्ह्याचा आणि मोठ्या शहरांचा वेगळा संघ येतो. प्रत्येक वजनात एक मल्ल मातीवर आणि एक गादीवर लढतो. खुल्या गटात मातीतला अव्वल आणि गादीतला अव्वल शेवटी गादीवर एकमेकांसमोर येतात, आणि त्या सहा मिनिटांत केसरी ठरतो. म्हणजे जत्रेतल्या मातीवर वाढलेल्या पोराला किताबाच्या शेवटच्या पायरीवर मातीतून बाहेर यावंच लागतं. गादीवर चितपट होण्याची वाट कुणी बघत नाही. पट काढून ताबा मिळवला दोन गुण, रिंगणाबाहेर ढकललं एक गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती खलास. मातीवर जो पोरगा तासभर झुंजू शकतो तो गादीवर पहिल्या दोन मिनिटांत चार गुणांनी मागं पडतो आणि ते भरून काढता काढता शिट्टी वाजते. चाळीसगावचं 1977 चं 'अनिर्णित' आजच्या नियमांत घडूच शकणार नाही. गुण सारखे पडले तरी शेवटचा किंवा मोठा गुण ज्याचा, तो जिंकतो. नियम चांगलाच आहे. फक्त त्यासाठी गादी लागते. बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद, वर नऊ मीटरचं वर्तुळ असलेली गादी आणि ती अंथरायला छप्पर असलेली जागा. खान्देशातल्या तालुक्याच्या गावांमध्ये लग्नाचे हॉल मोजा आणि अशा गाद्या मोजा.

किताबानंतरही विजयला सरकारी नोकरीच्या आश्वासनाची पूर्तता होईपर्यंत थांबावं लागलं. शेवटी तो पोलीस उपअधीक्षक झाला. नरसिंग यादवलाही तेच पद मिळालं होतं, बीडच्या राहुल आवारेलाही. खात्यात गेल्यावर कुस्ती सुटते असा अनुभव आहे; विजयची सुटली नाही. 2023 मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जगभरच्या पोलीस आणि अग्निशमन दलांच्या स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक घेतलं. सायगावहून विनिपेगपर्यंतचा हा रस्ता कुठल्याही मुलखानं मिरवावा असाच आहे. आम्ही मिरवला. जेसीबीनं फुलं उधळली, फ्लेक्स लावले. पण त्या पोराच्या मागोमाग त्याच तालुक्यातून, त्याच जिल्ह्यातून दुसरा का आला नाही, हा प्रश्न फ्लेक्सवर मावत नाही.

काहीजण म्हणतील, आता जामनेरला बघा. खरंच बघण्यासारखं आहे. मंत्री गिरीश महाजन यांच्या पुढाकारानं फेब्रुवारी 2024 मध्ये तिथं 'नमो कुस्ती महाकुंभ' भरला आणि 2025 मध्ये 'देवाभाऊ केसरी'. देशातले नावाजलेले मल्ल आले, परदेशी पैलवान आले, हजारो माणसं जमली. जामनेरच्या पोरांना जे मल्ल मोबाइलवर दिसायचे ते वीस फुटांवरून दिसले. ही काही लहान गोष्ट नाही. दंगल नेत्याच्या नावानं भरली म्हणून नाक मुरडायचंही कारण नाही. देवाच्या नावानं भरायची तेव्हाही पैसे गावचा पाटीलच द्यायचा. माझं म्हणणं वेगळं आहे. एक दिवसाचा महाकुंभ कितीही मोठा असला तरी तो वरच्या पायरीचाच फड असतो. पाहुणे मल्ल येतात, लढतात, पाकिटं घेतात, रात्रीच्या गाडीनं जातात. गावचा पोरगा तिथं प्रेक्षक असतो, फार तर सुरुवातीच्या कुस्त्यांत. मधली पायरी, म्हणजे होळी ते आखाजी पंधरा-वीस गावांत फिरून पन्नास-साठ कुस्त्या करायची ती पायरी, एका मैदानानं भरून निघत नाही. मुंबईतल्या मोठ्या स्टेडियमवरचा एक सामना बघून गल्लीतला पोरगा बॅट्समन होत नाही. त्याला रोज गल्लीत बॅट धरावी लागते.

त्यात महाराष्ट्र केसरीचाच घोळ झालाय. संघटनेत फूट पडली आणि एकाच नावाच्या स्पर्धा दोन ठिकाणी भरू लागल्या. 2023 मध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेही. 2025 च्या सुरुवातीला अहिल्यानगरला पंचाच्या निर्णयावरून गादीवरच राडा झाला. यात्रेतल्या फडात पंचाचं ऐकलं नाही तर पोराला पुढच्या गावात कुणी जोड देत नाही. राज्याच्या संघटनेला एवढी साधी शिस्त जमू नये, हे बघून त्या म्हाताऱ्या पंचांची आठवण येते.

खान्देशात खेळाला आश्रय देणारी माणसं नाहीत असं तर मुळीच नाही. जळगावच्या जैन इरिगेशननं भवरलाल जैन यांच्या काळापासून खेळाडूंना नोकऱ्या देऊन सांभाळलं. कॅरममध्ये योगेश परदेशींसारखे जगज्जेते या कंपनीच्या नावानं खेळले; क्रिकेटमध्ये कंपनीचा संघ मुंबईच्या टाइम्स शिल्डमध्ये उतरतो. हा नव्या जमान्यातला दरबारच, आणि त्याच्या देखरेखीची फळं दिसतात. कुस्तीला असा बारमाही आश्रय मिळालेला नाही. तिला मिळतो तो सत्काराचा आश्रय: शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. सत्कार झालेल्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी दूध कुणी दिलं, हे विचारायला कुणी जात नाही.

मला खासबागेसारखं मैदान मागायचं नाही. धुळ्याला 1962 मध्ये स्पर्धा भरली ते वैभव परत आणा, असंही म्हणायचं नाही. राज्य स्पर्धा येतील आणि जातील. या लेखाचा वाचक बहुधा कुठल्या ना कुठल्या गावच्या यात्रेला वर्गणी देणारा आहे, गावी राहत असो की पुण्याला. त्याला सांगायचं ते एवढंच: पुढच्या चैत्रात यात्रा कमिटीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला की आधी विचारा, पत्रकात कुस्त्यांची ओळ आहे का? असेल तर दुसरं विचारा, शेवटच्या जोडीच्या इनामातला चौथा हिस्सा तालुक्याच्या तालमीत गादी घ्यायला बाजूला ठेवता येईल का? दहा गावांनी दोन हंगाम एवढं केलं तर एक गादी येईल. तिच्यावर पहाटे कोण उतरतंय हे बघायला तालुक्यात वस्ताद अजून आहेत, आणि काही वर्षांनी ते राहणार नाहीत. तेव्हा पावती फाडण्याआधी हे दोन प्रश्न विचाराच.